रंग हाये का पाहुणा?

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशांसही, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मोर निळा नाही.

ही बाब कारंजा लाड येथे, एका रंगारणीच्या स्वयंपाकघरात, दगडी खलात रीतसर कुटून सिद्ध झालेली आहे. त्या वेळी साक्षीला एक मांजर हजर होतं, मी हजर होतो, आणि बत्ता माझ्याच हातात होता. ज्यांना शंका असेल त्यांनी मोराचं एक पीस घ्यावं आणि स्वतः कुटून पाहावं. हाती जे येईल ते चहाच्या चोथ्याच्या रंगाचं असेल. निकाल कायम आहे. त्यावर अपील नाही.

आता ही रंगारीण कोण, आणि एका सभ्य, मॅट्रिक पास झालेल्या, वाशीमच्या बऱ्या घरातल्या तरुणावर मोराची पिसं कुटायची पाळी का आली, ते सांगायला हवं.

मी तेव्हा कारंज्याला कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत वजनकाट्यावर कारकून म्हणून लागलो होतो. खोली शोधत फिरत होतो. कोणीतरी तळ्याकडच्या गल्लीतलं एक घर दाखवलं. अंगणात तीन मोठे तांब्याचे हंडे, दोरीवर बैलांचे गोंडे वाळत घातलेले, आणि दारात एक उंच, काटक, पन्नाशीची बाई कमरेवर हात ठेवून उभी. मी नमस्कार केला. अंगात माझा नवाकोरा हिरवा कोट होता. तिनं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. पुढे आली, स्वतःचा अंगठा जिभेवर टेकवला आणि माझ्या कोटाची बाही खसाखसा घासली. मग अंगठा उन्हात धरून पाहिला. अंगठा हिरवा झाला होता.

"हा रंग हाये का पाहुणा हाये, बाबू?"

"म्हणजे?"

"मंजे राह्यते का जाते?"

माझ्याऐवजी अंगठा बोलत होता.

"पाहुणा हाये," तिनंच निकाल दिला. "आन् तू?"

"मी... मी राहीन म्हणतो."

"मंग ठेव ट्रंक अंदर."

अशी मला खोली मिळाली. गाव तिला रंगारीणबाई म्हणे, मी मावशी म्हणू लागलो. ती मला शेवटपर्यंत बाबूच म्हणाली. माझं खरं नाव तिला कधी ठाऊक झालं की नाही, याची मला अजून शंका आहे. माझा कोट कच्चा होता, एवढं मात्र ती कधी विसरली नाही.

तिच्या त्या अंगठ्याची सगळ्या गावाला दहशत होती. समोरचा कोण आहे हे तो अंगठा पाहत नसे. कचेरीतल्या शिरस्तेदाराची मखमली कॉलर, सावकाराच्या सुनेचा पदर, फॅक्टरी पाहायला आलेल्या गोऱ्या साहेबाचा टाय, सगळे त्याच्याखालून गेले होते. एकदा देवळात कीर्तन चालू होतं. बुवा नाचत नाचत हिच्यापर्यंत आले. हिनं बसल्या जागेवरून त्यांच्या शेल्याचं टोक धरलं, अंगठा लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "पाहुणा." बुवांना आधी वाटलं, निरूपणाला दाद मिळाली. संसारात जीव हा पाहुणाच, असं म्हणून त्यांनी तोच धागा पकडून घटकाभर निरूपण केलं. ही मात्र मला कोपरानं ढोसत होती : "घामानं मान जांभळी झाली, पाह्य त्याची."

हे वेड तिला उगीच लागलेलं नव्हतं.

तिचा नवरा एके काळी कारंज्याचा नामांकित रंगारी. लग्नाचे पटके, शेले, लुगडी, सगळं त्याच्याकडे. तेव्हा बाजारात विलायती रंगाच्या पुड्या नुकत्या आल्या होत्या. पुडी पाण्यात सोडली की झालं. ना मूळ कुटायचं, ना दहा दिवस कापड भिजवायचं. गावातल्या देशमुखांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि सगळ्या वऱ्हाडाचं कापड याच्याकडे आलं. नवरदेवाचा पटका पोपटी, शेलाही पोपटी. घाई होती. त्यानं पुडी वापरली. वरात भर बाजारात आली आणि वळवाचा पाऊस कोसळला. पटक्याचा रंग कपाळावर आला, कपाळावरचा नाकावर, नाकावरचा गळ्यात. पांढरी घोडी गुडघ्यापर्यंत हिरवी झाली. मांडवाच्या दारात सासू ओवाळायला आली, तिनं जावयाकडे पाहिलं आणि तबक खाली ठेवून हसायला बसली.

तो नवरदेव म्हणजेच आताचे देशमुख. त्यांना गावानं त्या दिवशी जे नाव दिलं, ते पाठीमागे अजून चालत होतं : पोपट. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते पस्तिशीचे, भारदस्त, मिशाळ गृहस्थ होते. लग्नापासून त्यांनी अंगाला रंगीत सूत लावलं नव्हतं. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरा पटका, पांढरं उपरणं. लांबून पाहिलं तर दवाखान्यातली खाट चालत आल्यासारखी वाटे.

त्या लग्नानंतर रंगाऱ्यानं हंड्यात हात घातला नाही. दारात बसून राही. दोन वर्षांत गेला.

"रंगाऱ्याचे हात, बाबू, कोपरापरेंत रंगलेले असतात," मावशीनं मला एकदाच सांगितलं. "त्याचे पांढरे झाले होते. पांढरे हात घेऊन गेला तो."

माणसाचं कापड या घरी यायचं बंद झालं. बैलांचं तेवढं येई. पोळ्याचे गोंडे, म्होरक्या, दावी. "बैलाले शरम नसते ना," ती म्हणे. "थो हिरवा झाला काय आन् लाल झाला काय, त्याले कोनी पोपट म्हनत नाही." पण ती गोंडेसुद्धा असे रंगवी, की जणू राजाचा मुकुट. रंगवल्यावर धुवायची. पाणी रंगीत आलं की पुन्हा धुवायची. शेवटचं पाणी स्वच्छ आलं, की गिऱ्हाइकासमोर ते पाणी ओंजळीत घेऊन पिऊन दाखवायची. मलाही पाजायची. बैलाच्या गोंड्याचं पाणी पिऊन मी तीन पोळे काढले आहेत, आणि प्रकृती ठीक आहे.

तिचा हट्ट एकच होता. या घरातून माणसाचं कापड पुन्हा रंगून बाहेर जायला हवं. आणि तेही दुसऱ्या कोणाचं नाही, देशमुखांचं. "जिथून गेलं थिथूनच आनीन," म्हणायची.

आता मोर.

हंड्यांच्या वरच्या भिंतीवर मोरपिसांचा एक पंखा टांगलेला होता. तिच्या लग्नात आलेला. वर्षानुवर्षं त्यानं पश्चिमेचं ऊन खाल्लं होतं, हंड्यांची वाफ खाल्ली होती. भोवतीची भिंत विटली, दाराचा हिरवा रंग राखेसारखा झाला, पंखा मात्र काल टांगल्यासारखा. एका दुपारी मावशी त्याच्यासमोर उभी राहिली ती हलेचना. मी फॅक्टरीतून आलो तरी तिथंच.

"बाबू, हा काहून नाही जात?"

"कोण?"

"हा निया. सारे निये जातात. हा काहून नाही जात?"

निया म्हणजे निळा. मी म्हटलं, देवाची करणी. तिला हे उत्तर मुळीच पसंत पडलं नाही. "देवाले रंग कोन्या मुळातून काढाचा ते ठाव असन, तं मले काहून नसावं?" असं म्हणून तिनं पंखा खाली घेतला, त्यातलं एक पीस उपटलं आणि खल माझ्यापुढे सरकवला.

मी कुटलं. आधी निळं चमकलं, मग मिणमिणलं, मग चोथा झाला. तपकिरी. मावशीनं खलात डोकावलं, मग माझ्याकडे पाहिलं, जणू निळा मीच खाल्ला होता.

"कुठं गेला?"

"मला काय ठाऊक!"

"तुह्या हातात होता ना बत्ता!"

दुसरं पीस तिनं स्वतः कुटलं. तेच. मग मेडशीला तिची नणंद होती, तिकडच्या रानात मोर पुष्कळ, तिच्याकडून गळालेल्या पिसांची अख्खी पेंडी मागवली. पिसं उकळली. तुरटीत ठेवली. चुन्यात ठेवली. दांडीत रंग लपला असेल म्हणून दांड्या वेगळ्या शिजवल्या. घरभर जळक्या केसांचा वास. पिसातून पाण्यात थेंबभर निळं उतरलं नाही. आणि मौज अशी, की उकळलेलं पीस बाहेर काढावं, काळवंडलेलं दिसावं, आणि वाळलं की पुन्हा निळं आणि हिरवं व्हावं, जणू आपल्याला काही झालंच नाही.

दुसरी बाई असती तर थकली असती. ही चवताळली.

उत्तराचा धागा तिला सापडला तो कपडे धुताना. रिठ्याचा फेस काढत होती. एक मोठा फुगा झाला, त्यावर निळं, हिरवं, जांभळं फिरू लागलं. मावशीचा हात तसाच हवेत थांबला.

"बाबू, इकडं ये! रिठ्यात निया असते का?"

"नाही."

"पान्यात?"

"नाही."

"मंग या फुग्यात कोन्या रंगाऱ्यानं हात घातला?"

फुगा फुटला. बोटावर नुसतं पाणी. तिनं पीस आणलं, उन्हात तिरपं केलं. निळं. आणखी तिरपं केलं. हिरवं. उजेडाच्या आड धरलं. मातकट.

पुढे मी हे पुस्तकांत वाचलं, आणि तुम्हाला सांगताना माझी छाती आताही फुगते आहे. पिसाच्या आत निळा रंग कालवलेला नसतोच. आत असतं काळपट द्रव्य, पण त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक काड्या अशा ओळीनं रचलेल्या असतात, की उजेड त्यांच्यावर पडला की त्यातला निळा किंवा हिरवा तेवढा आपल्याकडे परत येतो. साबणाच्या फुग्यावर हे काम पाण्याचा पातळ पापुद्रा करतो. रचना आहे तोवर रंग आहे. म्हणून तो धुतला जात नाही, उन्हात विटत नाही, आणि कुटला की संपतो. मावशीनं पुस्तक वाचलं नव्हतं. तिनं पीस खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

"आरे बाप्पा! हे तं घर हाये. आपुन घर कुटत होतो आन् ईटा-मातीत दिवा शोधत होतो."

मग तिची धाव विणकराकडे. रचनेनंच रंग होत असेल तर विणकरानं करावा. म्हातारा विणकर हुशार. त्यानं धूपछाव कापड दाखवलं. उभं सूत निळं, आडवं हिरवं, हलवलं की पारव्याच्या मानेसारखं बदलतं. मावशी हरखली. मग अंगठा जिभेवर टेकवला, घासला, पाहिला.

"दोन पाहुणे," म्हणाली आणि उठली.

सोनपाखरं आणली ती मात्र माझ्या बढाईनं. आमच्या फॅक्टरीत एक जुना फिटर होता, मुलूखभर फिरलेला. त्याच्याकडून ऐकलं होतं, की मद्रासकडे मडमांच्या झग्यांवर सोनपाखरांचे पंख टिकल्यांसारखे शिवतात आणि ते पिढ्यान्‌पिढ्या विटत नाहीत. मी हे जेवताना सहज बोलून गेलो. सहज बोलल्याचा पश्चात्ताप मी पुढले दोन पावसाळे बाभळीखाली ओणवा होऊन केला.

सोनपाखरू तुम्ही पाहिलं असेल. बाभळीवर बसतं, हिरवंगार, सोन्याचं पाणी दिल्यासारखं. पोरं त्याला काडेपेटीत ठेवतात. पावसाळा सरता सरता ती आपोआप मरून झाडाखाली पडतात. मावशीचा दंडक होता, की जिवंत पाखराला हात लावायचा नाही. "जित्त्याचं घर मोडाचं नाही." मेलेलं वेचायचं, पाठीवरची टणक टरफलं सोडवायची. टरफलं कडक. सुई लावली की तडकतात. पण वाफ ही तर रंगारणीच्या हातातली गोष्ट. हंड्यावर फडकं बांधून तिनं त्यांना अशी वाफ दिली, की ती कातड्यासारखी मऊ झाली आणि सुई आरपार गेली. गार झाली की पुन्हा टणक. त्यांची तिनं बैलाची एक झूल भरायला घेतली. बैलाचीच का? कारण गावात तिच्या घरची वस्तू ज्याच्या अंगावर चढेल असा तेवढाच एक प्राणी उरला होता.

आणि इथं तिनं घोळ घातला. निदान मला तरी तो घोळ वाटला.

झुलीचं खालचं कापड मी म्हणत होतो कोरं ठेवा. कोऱ्या कापडावर टरफलं. पाऊस येवो, पूर येवो, उतरायला रंगच नाही. जिंकलो! मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या नवऱ्याला शिवी दिली आहे.

"मंग थ्यात रंगारीण कुठं हाये, बाबू?"

"पण मावशी, हा धोका..."

"पाखराचा रंग पाखराचा हाये. थो दाखवून मी कायले मिरवू? लोकं पाखरू पाहाले येईन. मी त्याईले कापड दाखवीन."

आणि कापड तिनं लाल रंगवायला घेतलं. देशमुखांचा मानाचा बैल पांढरा, वर कापड लाल. पुडीचा रंग नाही. आलीच्या मुळांचा. आल हे आपल्या वऱ्हाडातलं जुनं झुडूप. त्याच्या मुळांतून लाल निघतो. पुड्या आल्यापासून कोणी लावत नसे. मेडशीकडे एका शेताच्या बांधावर थोडी उरली होती, ती नणंदेनं खणून पाठवली. मग कापड एरंडीच्या तेलात मुरवायचं, राखेच्या पाण्यात मळायचं, उन्हात टाकायचं, पुन्हा तेल, पुन्हा राख, मग तुरटी, मग मुळं, मग उकळ, मग धुणं. मोरानं एक गोष्ट तिच्या मनावर कोरली होती. रंग वर फासून चालत नाही, तो कापडाच्या घडणीत बसवावा लागतो. दोन महिने घरात पाय ठेवायला जागा नव्हती. माझे सगळे सदरे लालसर झाले, ते आजतागायत लालसर आहेत, याहून त्या रंगाला वेगळं प्रशस्तिपत्र देता येणार नाही.

झूल तयार झाली तशी मावशी गाठोडं बांधून देशमुखांच्या ओसरीवर. मागे मी.

देशमुख लोडाला टेकून पांढरे बसले होते. बाजूला त्यांची आई सुपारी कातरत होती. मोठ्या बाईंना ऐकू कमी येई, त्यामुळे त्या स्वतःशी पुटपुटल्या तरी चार घरांना कळे.

मावशीनं राम राम केला, अंगठा जिभेवर टेकवला आणि देशमुखांची बाही घासली.

"बाई, काय करून राह्यल्या?" देशमुख दचकून मागे सरकले.

"पांढराच हाये. राहीन."

मग तिनं गाठ सोडली आणि झूल ओसरीवर अंथरली. दुपारचं ऊन तिरपं येत होतं. लाल कापडावर टरफलांचे वेल भरलेले. मी उजवीकडून पाहिलं तर ते हिरवे, मान वळवली तर निळे, आणि मावशीनं काठ उचलला तसा वेलीवरून तांबूस सोनं सरकत गेलं. ओसरीवरच्या गड्यांनी विड्या विझवल्या.

"अगं बाई!" मोठ्या बाई ओरडल्या. "मोर मारला का काय वं?"

"मोराले हात नाही लावला, बाई. मेलेली सोनपाखरं हायेत."

"कशाले आनली?" देशमुखांनी विचारलं, पण नजर झुलीवरून निघेना.

"पोया आला. तोरनाखालून पयली जोडी तुमची जाते. मानाच्या बैलाले घाला."

देशमुखांच्या मिशा थरथरल्या. "तुमच्या घरचा रंग? माह्या बैलाले? बाई, गाव अजून हासून राह्यलं मले!"

"म्हनूनच आली ना."

"पानी पाडून पाह्यलं?"

"पाह्यलं. पिऊन पाह्यलं. या बाबूले इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोटावर हात ठेवून खात्रीलायक चेहरा केला.

देशमुखांनी झुलीचा काठ चिमटीत धरून उलटून पाहिला. मग म्हणाले, "बादलीचं पानी मी मानत नाही. माह्यावर आभायातून पडलं होतं. पोयाले घालतो. साऱ्या गावादेखत. पन माह्या पांढऱ्या बैलावर एक ओघय दिसला, तं त्याच दिवशी हंडे पालथे कराचे. गोंडेबी रंगवाचे नाही."

"आन् नाही दिसला तं?"

"तं पोरीच्या लग्नाचे पटके तुमच्या हंड्यातून."

"ठरलं," मावशी म्हणाली. तिनं विचार करायला पापणीसुद्धा लववली नाही. मी मात्र परतताना तीनदा ठेचकाळलो.

"मावशी, पाऊस नाही आला तर?"

"आला पायजे."

"अहो, आला आणि रंग गेला तर?"

"तं गेला. पन त्याच्यापायी मी दारात बसून नाही राह्यनार, बाबू. एक जन बसला, पुरे झालं."

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून आभाळ दाटलं होतं. सगळं गाव म्हणत होतं, देवा, आज नको. एक बाई अंगणात उभी राहून आभाळाला दटावत होती, "ये ना! कायले थांबला?"

दुपारी वेशीजवळ आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. जोड्या रांगेनं उभ्या राहिल्या. शिंगं रंगवलेली, कपाळाला बाशिंगं, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं. पहिली जोडी देशमुखांची. त्यातला उजवीकडचा बैल दुधासारखा पांढरा, आणि त्याच्या पाठीवर ती झूल. बैलानं श्वास घेतला की वेल हिरवे व्हायचे, सोडला की निळे. लोक एकमेकांच्या खांद्यावरून पाहत होते. पोळ्याला जोड्यांचे धनी एकमेकांना चिडवायला झडत्या म्हणतात. मागच्या जोडीवाल्यानं हात वर करून म्हटली :

"ढग भरला काळा काळा, झूल आली लाल,
देशमुखाचा पांढरा बैल घरी जाईन गुलाल!"

"हर बोला!" गाव खदखदलं. देशमुख सरळ समोर पाहत उभे राहिले. त्यांचे कान मात्र लाल झाले होते, आणि तो रंग अगदी पक्का होता.

आणि पाऊस आला. टिपूस नाही, भुरभुर नाही. घागर उपडी केल्यासारखा.

पळायला जागा नव्हती. तोरण तुटल्याशिवाय जोडी हलवायची नसते. सगळे जागेवर भिजत उभे. थोड्याच वेळात मागच्या रांगेत होळी सुरू झाली. बाजारातून आणलेल्या गोंड्यांचे रंग मानेवर, झुलींचे रंग पोटावर. एक बैल निम्मा जांभळा, एक पिवळ्या पट्ट्यांचा. झडती म्हणणारा स्वतः बैलाला टेकून उभा होता, त्याचं धोतर गुलाबी झालं. पहिल्या जोडीवरच्या टरफलांना पाणी लागलं तशी ती धुऊन निघाली आणि पेटल्यासारखी झळकू लागली. सगळं गाव त्या बैलाची पाठ पाहत होतं. मावशी एकटी चिखलात उकिडवी बसून त्याचं पोट पाहत होती. मी तिच्यावर छत्री धरली होती. पण मीही वाकून पोटच पाहत होतो, त्यामुळे छत्रीचं पाणी तिच्याच डोक्यावर पडत होतं.

झुलीच्या काठातून थेंब गळू लागले. ती डोळे बारीक करून पाहत राहिली. आणि मला दिसला. बैलाच्या पांढऱ्या खांद्यावर एक लाल ओघळ. बारीक, पण लाल.

देशमुखांनाही दिसला. "बाई," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरं सांगायचं तर त्यात वाईट वाटल्याचंच काहीतरी होतं. "हे काय हाये?"

मावशी उठली. चिखलाचे हात लुगड्याला पुसले. ओघळावर बोट ठेवलं आणि बोट वर नेऊ लागली, खांद्यावरून मानेवर, मानेवरून कानामागे, कानामागून शिंगावर. बोट शिंगाच्या टोकाशी थांबलं.

"शिंगं कोनी रंगोले?"

देशमुखांचा गडी पुढे आला. "म्या रंगोले, मालक. बजारातून पुडी आनली होती. मस्त लाल होती."

"झूल उचला," मावशी म्हणाली.

देशमुखांनी स्वतः झूल उचलली. खाली बैल शुभ्र. त्यांनी गळ्यातलं पांढरं उपरणं काढलं, झुलीच्या भिजलेल्या काठाभोवती गुंडाळलं, आणि दोन्ही हातांनी असं पिळलं, जणू सोळा वर्षांची सगळी कसर त्यातच काढायची होती. पाणी गळलं. त्यांनी उपरणं उलगडलं. उलटं केलं. पुन्हा उलटं केलं. आभाळाकडे धरलं. पांढरं.

पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नाचं सगळं कापड तळ्याकडच्या गल्लीत आलं, हंडे महिनाभर थंड झाले नाहीत, आणि त्या वरातीत पाऊस पडला नाही याचं मावशीला मरेपर्यंत वाईट वाटत राहिलं. पण ते नंतरचं. त्या क्षणी वेशीजवळ देशमुख उपरणं हातात धरून उभे होते. मावशी त्यांच्याकडे पाहत नव्हती, स्वतःच्या लाल हातांकडे पाहत होती. मोठ्या बाई बैलगाडीत घोंगडी पांघरून बसल्या होत्या. त्यांनी मान पुढे काढली, भिजून झगमगणारा बैल आपादमस्तक न्याहाळला, मग शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाला न्याहाळलं, आणि आपण मनातल्या मनात बोलतो आहोत अशा समजुतीनं साऱ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या :

"घोडीवर त्या दिशी हा बैलच बसवला असता, तं बरं झालं असतं वं!"